एका ओळीत वेबसाइट ‘ॲक्सेसिबल’ करून देणाऱ्यांपासून सावध

या फसवणुकीची सुरुवात बहुतेक वेळा फुकटच्या रिपोर्टने होते. छोट्या व्यवसायाच्या मालकाला ई-मेल येतो: तुमच्या वेबसाइटवर ॲक्सेसिबिलिटीच्या (म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता येण्याच्या) शंभराहून जास्त चुका आहेत, एखाद्या दिव्यांग ग्राहकाने दावा ठोकला तर महागात पडेल. सोबत लाल खुणांनी भरलेली पीडीएफ. त्यातल्या चुका बऱ्याचदा खऱ्याच असतात, कुठल्याही फुकट टूलने दोन मिनिटांत सापडतील अशा. खोटा असतो तो उपाय. फूटरमध्ये आमच्या कोडची एक ओळ टाका, ४८ तासांत साइट डब्ल्यूसीएजी या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमावलीत बसेल, वर प्रमाणपत्रही देऊ.

वर्षाचे पैसे भरले जातात. साइटच्या कोपऱ्यात माणसाच्या आकृतीचं गोल बटण येतं. विक्रेता तोच स्कॅन पुन्हा चालवून दाखवतो आणि चुकांचा आकडा शून्यावर आलेला असतो. मालकाचा विश्वास बसतो तो इथे.

हा शून्य कसा येतो ते समजून घ्या. चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे त्याचं शब्दांतलं वर्णन, आहे की नाही, एवढंच स्कॅनरला दिसतं. त्यात लिहिलंय ते बरोबर आहे का, हे त्याला ठरवता येत नाही. म्हणून त्या गोल बटणाची, म्हणजे विजेटची, स्क्रिप्ट प्रत्येक चित्राला ‘इमेज’ किंवा यंत्राने अंदाजाने ओळखलेलं काहीतरी चिकटवते, आणि नाव नसलेल्या बटणाला ‘बटण’ हेच नाव देते. स्कॅनरचं समाधान होतं. पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचं सगळं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या अंध ग्राहकाला ‘इमेज, इमेज, बटण, बटण’ एवढंच ऐकू येतं. यातलं कोणतं बटण ऑर्डर देतं आणि कोणतं रद्द करतं, हे कळायचा मार्गच नाही. शिवाय ही मलमपट्टी पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये वरवर होते, पानाच्या मूळ कोडला, एचटीएमएलला, हातही लागत नाही. वर्गणी थांबली की सगळ्या चुका जागच्या जागी.

बरं, कोपऱ्यातलं ते बटण काय देतं? मोठी अक्षरं, वाढवलेला कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या रंगांतला फरक), मजकूर वाचून दाखवणं. हे सगळं फोनमध्ये, संगणकात आधीपासून असतं, आणि ज्याला गरज असते त्याने ते सर्व साइटसाठी लावून ठेवलेलं असतं. उलट विजेटच स्क्रीन रीडरच्या आड येतं, म्हणून कित्येक अंध वापरकर्ते असे विजेट ब्लॉक करतात. ज्यांच्या नावाने पैसे घेतले त्यांनाच ते नको असतं, याचा राग यायलाच हवा.

प्रमाणपत्राचंही तसंच. डब्ल्यूसीएजी ही नियमावली वेबची मानकं ठरवणारी डब्ल्यूथ्रीसी काढते, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३मध्ये आली. ही संस्था साइट तपासून प्रमाणपत्र देत नाही. बॅज विक्रेत्याने स्वतःच बनवलेला असतो. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका विजेट कंपनीवर दिशाभूल करणाऱ्या दाव्यांचा आरोप ठेवला, आणि ते प्रकरण १० लाख डॉलर भरण्यावर मिटलं.

पैसे देण्याआधी विक्रेत्याच्या जुन्या ग्राहकाची एखादी साइट मागा आणि माउस बाजूला ठेवा. फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी वस्तू निवडून पैसे भरण्याच्या पानापर्यंत जाता आलं पाहिजे. आपण कुठे आहोत ती चौकट दिसत नसेल, तर बहुधा कोणीतरी सीएसएसमध्ये, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, ती आउटलाइन काढून टाकली आहे. पॉप-अप उघडल्यावर एस्केपने बंद होत नसेल, तर ग्राहक तिथेच अडकू शकतो. फॉर्ममध्ये ‘नाव’, ‘पत्ता’ या शब्दांवर क्लिक करा. कर्सर शेजारच्या रकान्यात गेला नाही, तर लेबल बहुधा जोडलेलंच नाही. मग विंडोजवर फुकट मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर किंवा आयफोनवरचा व्हॉइसओव्हर चालू करा, डोळे मिटून तीच खरेदी करून पाहा. मजकूर मराठी आणि कोडमध्ये भाषा इंग्रजी नोंदलेली असेल, तर उच्चारांचं काय होतं तेही ऐकू येईल.

प्रामाणिक काम करणारा माणूस कोटेशनमध्ये पानांचे नमुने मोजतो: मुख्य पान, उत्पादन, कार्ट, संपर्क. छोट्या साइटला असे पाच-सहाच नमुने असतात. दुरुस्ती मूळ टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, झाली की त्यावर चालणारी सगळी पानं सुधारतात. डब्ल्यूसीएजीच्या ‘एए’ (तीनपैकी मधल्या) पातळीचं नाव तो स्पष्ट लिहितो आणि कीबोर्ड व स्क्रीन रीडरने कोण तपासणार तेही सांगतो. साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ लागतो. पांढऱ्यावर #९९९९९९ हा राखाडी रंग २.८५:१ भरतो, #७६७६७६ मात्र ४.५४:१. म्हणजे एक रंग बदलून शेकडो चुका जातात, त्याला वर्गणी कशाला?

विजेट आधीच घेतलं असेल, तर आधी ऑटो-रिन्यू बंद करा. ती ओळ फूटरमधून काढा आणि टॅग मॅनेजरमध्येही (साइटवर बाहेरच्या स्क्रिप्ट चढवणाऱ्या टूलमध्ये) शोधा, तिथे ती हमखास विसरली जाते. ‘ही साइट पूर्णपणे ॲक्सेसिबल आहे’ हे वाक्यही उतरवा, कारण तो दावा आता तुमच्या नावावर आहे. विजेट काढण्याआधी मात्र ते चालू असताना एनव्हीडीए तुमचं पेमेंटचं पान कसं वाचतो, याचं आवाजासकट स्क्रीन रेकॉर्डिंग करून ठेवा. पैसे परत मागताना स्कॅनच्या आकड्यापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं.