गुलमर्गचं २२ हजारी हॉटेल : बाहेर बर्फ मस्त, रूम त्याहून थंड

आधीच सांगतो, गुलमर्गबद्दल माझी काही तक्रार नाहीये. चिल्लई कलानमध्ये, म्हणजे २१ डिसेंबरपासूनच्या कडाक्याच्या चाळीस दिवसांत, नीट बर्फ पडला की ती जागा जी काय दिसते ती एकदा बघायलाच हवी. तक्रार आहे ती तिथल्या एका रात्रीचे २२,००० रुपये घेणाऱ्या हॉटेलबद्दल, जिथे मी दोन वेगवेगळ्या सीझनला राहिलोय, आधी घरच्यांबरोबर आणि नंतर स्कीइंग शिकायला निघालेल्या मित्रांच्या ग्रुपबरोबर, आणि दुसऱ्या वेळचं बुकिंग एजंटने परस्पर करून टाकलं होतं, मला हॉटेलचं नाव कळेपर्यंत ॲडव्हान्स गेलेला. नाव लिहीत नाही. लाकडी भिंती, उतरतं पत्र्याचं छप्पर, लॉबीत अक्रोडाचं कोरीवकाम आणि आल्या आल्या फुकट कहवा, या वर्णनात तिथली निम्मी हॉटेलं बसतात, आणि खाली जे लिहितोय ते त्यातल्या बऱ्याच जणांना लागू पडेल असं तिथे भेटलेल्या लोकांशी बोलून वाटलं.

पैशांचं आधी. २२,००० वर १८ टक्के जीएसटी, कारण रूम ७,५०० च्या वर गेली की तो स्लॅब लागतोच, म्हणजे रात्रीचे २५,९६०. यात एमएपी प्लॅन, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, दुपारचं तुमचं तुम्ही बघा. एक्स्ट्रा बेडचे वेगळे. आई म्हणाली, अरे या पैशात महाबळेश्वरला आठवडाभर राहिलो असतो आपण सगळे. आता रेट एवढा का, तर गुलमर्गात रूम मोजक्याच आहेत, नवीन बांधकामावर वर्षानुवर्षं निर्बंध आहेत आणि बर्फाची बातमी आली की अख्ख्या देशाला एकदमच तिथे जायचं असतं. श्रीनगरहून अंतर तसं फार नाही, ५० किलोमीटरच्या आसपास, पण पायथ्याच्या टंगमर्ग गावापुढचे १३ किलोमीटर घाटाचे आणि बर्फात तिथे टायरला चेन लावलेली लोकल गाडीच करावी लागते, तीही रस्ता उघडा असला तर. त्यामुळे लोक म्हणतात जाऊ दे, वरच राहू. हॉटेलवाल्यांना हे पक्कं माहितीये, म्हणून रूम चांगली ठेवायची गरजच त्यांना वाटत नाही, ती जातेच.

मुख्य मुद्दा हीटिंगचा. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे, फेब्रुवारीत रात्री उणे दहाच्या आसपास जातं, त्यामुळे तिथे तुम्ही गादी, टीव्ही, खिडकीतला व्ह्यू यांचे पैसे देत नसता, उबेचे देत असता, बाकी सगळं बोनस. वेबसाईटवर स्वच्छ लिहिलंय, सेंट्रली हीटेड रूम्स. प्रत्यक्षात डिझेलचा बॉयलर संध्याकाळी सातला सुरू करतात, अकराला बंद, मग पहाटे पुन्हा तासदीड तास. हे वेळापत्रक कुठे लिहिलेलं नाही, रात्री दीडला थंडीने जाग आली, रिसेप्शनला फोन केला तेव्हा कळलं. आणि चालू असतानाही रेडिएटर कालच्या चहासारखा कोमट. खिडक्या सिंगल काचेच्या, चौकटीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबलेल्या, त्या कोणी आधीच्या गेस्टने कोंबल्या होत्या की हाऊसकीपिंगने ते माहीत नाही पण बऱ्याच जुन्या होत्या.

मग आधार राहतो इलेक्ट्रिक ब्लँकेटचा, काश्मीरमध्ये ते गादीवर अंथरतात आणि खरंच भारी प्रकार आहे, झोपायच्या आधी अर्धा तास लावून ठेवलं की स्वर्ग. पण लाईट गेली की संपलं. लाईट तिथे जातेच, हिवाळ्यात नद्यांना पाणी कमी म्हणून जलविद्युत कमी होते आणि नेमकी तेव्हाच हीटरमुळे मागणी वाढते, हे मला समजतं, त्यात हॉटेलचा दोष नाही. पण जनरेटरवर लॉबी, कॉरिडॉरचे दिवे आणि बार चालतो आणि रूममधलं सॉकेट चालत नाही, हा हॉटेलचा निर्णय आहे ना? मॅनेजरला विचारलं तर म्हणे, सर ये पहाड है. अहो पहाड आहे म्हणून तर २२ हजार दिले.

यापुढचा प्रकार मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. थंडीची तक्रार केल्यावर त्यांनी रूमवर गॅस हीटर पाठवला, मागे छोटा सिलिंडर असलेला, आई-बाबांच्या रूममध्ये, रात्रभर लावा म्हणाले. आणणारा पोरगा बिचारा हळूच बोलून गेला, साब खिडकी थोडी खुली रखना. बाहेर उणे दहा, म्हणजे कोण ठेवणारे खिडकी उघडी? बंद खोलीत गॅस किंवा कोळसा जळत राहिला की कार्बन मोनॉक्साईड साचतो, त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो, आणि काश्मीरमधून अशा बातम्या जवळजवळ दर हिवाळ्यात येतात. भिंतीवर अलार्म नाही, व्हेंट नाही. मी हीटर उचलून कॉरिडॉरमध्ये ठेवला आणि दोघांना आमच्या रूममध्ये झोपवलं, सगळे एकाच बेडवर आणि गादीवर, सगळी ब्लँकेट्स एकत्र. चेकआऊटला बिलात हीटर चार्ज लागलेला, रात्रीचे १,०००. भांडून काढला. तुम्हाला असा हीटर दिला तर घेऊ नका, कितीही थंडी वाजू दे.

गरम पाणी सकाळी मिळतं, लवकर उठलात तर. रात्री नळ बारीक चालू ठेवा म्हणतात, नाहीतर पाईप गोठतो, ते बरोबरच आहे, तिथे घरोघरी करतात. वायफाय फक्त लॉबीत. हे किरकोळ वाटेल, पण महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालतच नाही, फक्त पोस्टपेड चालतं, आणि गोंडोलाची, म्हणजे तिथल्या रोपवेची, तिकिटं ऑनलाईन काढायची असतात, त्यामुळे आमचे निम्मे लोक जॅकेट घालून लॉबीत सोफ्यावर बसून तिकिटाची साईट रिफ्रेश करत होते.

जेवण. व्हेजवाल्यांनी मनाची तयारी ठेवावी. बुफेत रोज तेच, पनीर, मिक्स व्हेज, पिवळी डाळ, आणि राजमा दाताखाली कचकचणारा. एवढ्या उंचीवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात कडधान्य शिजतच नाही, कुकर लागतो, हे तिथे जन्म काढलेल्या किचनला मी सांगायचं का? बरं काश्मिरी जेवण तरी, तर रोगनजोश म्हणून जे ठेवलं होतं ते कुठल्याही हायवेवरच्या ढाब्याची लाल ग्रेव्ही. हाक (काश्मिरी पालेभाजी) नाही, नदरू (कमळाचे देठ) नाही, गुश्ताबा (दह्याच्या रश्श्यातले मटणाचे गोळे) फक्त आ ला कार्ट, तोही संपलेला. दुसऱ्या वेळी आम्ही मार्केटमधल्या एका साध्या टपरीवजा हॉटेलात हाक-भात आणि रिस्ता (लाल रश्श्यातले मटणाचे गोळे) खाल्ला, मधोमध बुखारी, म्हणजे खोली गरम करायची शेगडी, पेटलेली, शेजारी बर्फावर घसरगाडी ओढणारे स्लेजवाले जेवत बसलेले, आणि आमच्या हॉटेलच्या बुफेपेक्षा शंभरपट भारी. तिथे बिल बघून बायकोला फोन करून सांगितलं मी.

आता स्कीइंगवाल्यांसाठी, कारण हॉटेल स्वतःला स्की रिसॉर्ट म्हणवतं. गोंडोलापासून पाच मिनिटं असं लिहिलंय, ती पाच मिनिटं गाडीची, आणि बर्फात आतली वाहतूक बंद असली की खांद्यावर स्की घेऊन, पायात ते लोखंडासारखे बूट घालून पाऊण तास चालायचं. स्लेजवाले मागे लागतातच, त्यांचाही धंदा आहे, पण आधी भाव ठरवा. ओलं सामान सुकवायची खोली, म्हणजे ड्राइंग रूम, नावाची गोष्ट नाही. स्कीइंग करून आल्यावर बूटाचं आतलं लायनर, ग्लोव्ह्ज, मोजे सगळं ओलं होतं आणि ते रात्रीत सुकलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोटं बधिर, हे स्की रिसॉर्ट चालवणाऱ्याला माहीत नसेल तर कोणाला असणार. रेडिएटरवर ठेवलं, तो कोमट. शेवटी टंगमर्गचा एक वेटर, अतिशय गोड मुलगा, आमचे लायनर स्वतः किचनमधल्या बुखारीपाशी नेऊन ठेवायचा आणि सकाळी चहाबरोबर आणून द्यायचा. टिप त्याच्याच हातात दिली, काउंटरवरच्या बॉक्समध्ये नाही.

हॉटेलच्या स्की डेस्कवरून सामान घेऊ नका. बाहेरच्या दुकानांच्या दुप्पट भाडं आणि माझं वजनसुद्धा विचारलं नाही त्यांनी. बूट स्कीला धरून ठेवणारं बाइंडिंग तुमच्या वजनाप्रमाणे आणि लेव्हलप्रमाणे सेट करावं लागतं, ते फार घट्ट असलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा पिरगळतो, आमच्यातल्या एकाचा पिरगळलाच. त्यांचा इन्स्ट्रक्टर त्याच दिवशी, ज्यांना धड थांबताही येत नव्हतं अशा लोकांना वर घेऊन जायला निघाला होता. गोंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, १९९८ पासून आहे, दुसरा २००५ मध्ये झाला आणि तो थेट अफरवट डोंगराच्या खांद्यावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो, तिथून खालचा पावडर स्नो, म्हणजे भुसभुशीत ताजा बर्फ, बघायला जगभरातून लोक येतात, पण तो उतार म्हणजे स्कीइंगसाठी दाबून तयार केलेला मार्ग (पिस्ट) नाही, हिमस्खलन होतं तिथे, नवशिक्याचं कामच नाही ते. नवशिक्यांसाठी खाली मैदानात सोपे उतार आहेत, चार दिवस तिथेच घालवले तरी चालतं.

दुसऱ्या वेळी काही सुधारलं का? लॉबीत नवीन झुंबर आलं होतं. बॉयलरचं वेळापत्रक तेच. आमच्या ग्रुपमधला एकजण चिडून म्हणाला की वेबसाईटवरून ते सेंट्रल हीटिंग काढा तरी, तर ड्युटी मॅनेजर म्हणाला, सर सेंट्रल तो है, चौबीस घंटे कब लिखा है. आणि खरंच नव्हतं लिहिलेलं, मी तिथेच उभ्याउभ्या चेक केलं. घरी आल्यावर मेल केली तर पुढच्या स्टेवर १५ टक्के सूट असं कूपन आलं. माझ्याकडून एक स्टार, तोसुद्धा त्या लायनरवाल्या पोरासाठी.

वरच राहायचं असेल तर बुकिंग करताना बॉयलर किती वाजता चालू, किती वाजता बंद आणि लाईट गेल्यावर रूमच्या सॉकेटला जनरेटर आहे का, हे व्हॉट्सॲपवर लेखी मागा, फोनवर सगळे हो म्हणतात. तारीख बदलायची सोय आहे का तेही. बर्फाचा आता भरवसा राहिला नाही, जानेवारी २०२४ मध्ये महिना जवळजवळ सरेपर्यंत ते मैदान पिवळंच होतं आणि २०२५ च्या खेलो इंडिया विंटर गेम्समधला गुलमर्गचा टप्पा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला, अशा वेळी नॉन रिफंडेबल २६ हजार म्हणजे नुसतं पिवळं गवत बघायचे.

स्कीइंग शिकायचंच असेल तर केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि माऊंटेनीअरिंगची संस्था गुलमर्गमध्येच आहे, तिचे बिगिनर कोर्स बघा, आमच्या ग्रुपमधले दोघे पुढच्या वर्षी तिकडेच जाणारेत. आणि नुसतं बर्फ बघायला, घरच्यांना घेऊन जाताय तर मी सरळ टंगमर्गला राहीन. साधी गेस्ट हाऊसेस आहेत, काहींमध्ये हमाम आहे, म्हणजे खालून लाकूड पेटवून गरम ठेवलेली दगडी फरशीची खोली, म्हाताऱ्या माणसांना त्याच्याइतकं सुख नाही. सकाळी लवकर चेनवाली गाडी करायची, वाटेत गमबूट आणि कोट भाड्याने घ्यायला ड्रायव्हर ठरलेल्या दुकानासमोर थांबवतोच, तिथे पहिल्या भावाला हो म्हणू नका आणि बूट आतून कोरडे आहेत का हात घालून बघा. गोंडोलाची तिकिटं निघायच्या बऱ्याच आधी काढून ठेवा, फेज टू वाऱ्यामुळे किंवा जास्त बर्फामुळे कधीही बंद होतो, त्यामुळे त्याच्या परताव्याचे नियम पैसे भरायच्या आधीच वाचून घ्या.