एनबीटी किट: स्वस्त, पण सगळी भिस्त डोळ्यांवर

न्यूट्रोफिल ही रक्तातली पांढरी पेशी जंतूला गिळते, मग एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) बनवते. किटमधला एनबीटी (नायट्रोब्लू टेट्राझोलियम) हा पिवळा रंग त्यानेच निळाकाळा फॉर्मेझान होऊन पेशीत साचतो. साचलाच नाही, तर क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजचा, म्हणजे पांढऱ्या पेशी गिळलेले जंतू नीट मारू शकत नाहीत अशा आनुवंशिक आजाराचा, दाट संशय.

कृती सोपी आहे. हेपरिनमधले ताजे रक्त आणि ०.१ टक्के एनबीटी समप्रमाणात, सोबत पेशींना चेतवणारे उत्तेजक म्हणून पीएमए हे रसायन. ३७ अंशांवर साधारण अर्धा तास, मग काचपट्टीवर स्मिअर (पातळ थर) करून १०० न्यूट्रोफिल मोजायचे. निरोगी रक्तात जवळपास सगळे निळे दिसतात.

घोळ होतो तो बारीकसारीक गोष्टींत. रक्त शिळे झाले किंवा पीएमए निकामी झाले, की चांगल्या पेशीही कोऱ्या दिसतात. म्हणून निरोगी माणसाचे रक्त शेजारी लावल्याशिवाय अहवाल देऊच नये. एनबीटीची बाटली उजेडात ठेवू नये. फिकट निळ्या पेशी कुठल्या रकान्यात टाकायच्या, यावर दोन तपासनिसांचे एकमत होईलच असे नाही! मायेलोपेरॉक्सिडेज या जंतू मारणाऱ्या दुसऱ्या एन्झाइमची कमतरता तर इथे दिसतच नाही.

लहान प्रयोगशाळेत पहिल्या चाळणीसाठी घ्यावे. वाहक (आजाराचे सदोष जनुक बाळगणारी) आई ओळखायची असेल, तर फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या यंत्रावरची डीएचआर (डायहायड्रोऱ्होडामिन) चाचणी कितीतरी सरस.