ट्रॅक्टरचा दम गेला नव्हता, माझे 59,100 रुपये गेले

हे लिहायला मला अजिबात आवडत नाहीये. बँकेत अख्खी नोकरी लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर एका फिरत्या मिस्त्रीनं मला उल्लू बनवावं! पण रब्बीची पेरणी आली की ही मंडळी हातोद, देपालपूर, सांवेर पट्ट्यात मोटारसायकलवरून फिरायला लागतात, आणि इंदुरात राहून गावाकडची शेती बघणारे आपले मराठी लोक म्हणजे त्यांना आयतं गिऱ्हाईक. म्हणून लिहितोय. वाचून नातेवाइकांनी कीव करायला फोन करू नयेत. बरेच आले आहेत.

हिशेब आधी देतो, कारण लोक पहिलं तेच विचारतात. व्हिजिटचे 800. डिझेल पंप आणि नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारा भाग, यांचे 18,500. 'हाफ इंजिन', म्हणजे लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी), पिस्टन, रिंगा, गॅस्केट, यांचे 27,600. मजुरी 9,000. ऑइल आणि फिल्टर 3,200. एकूण 59,100. त्यातले 20,000 यूपीआयनं, बाकी 39,100 रोख. शिवाय तेवढ्या दिवसांत भाड्याच्या ट्रॅक्टरला 7,200 गेले, ते मी यात धरलेले नाहीत. घरात धरतात.

ट्रॅक्टर 27 एचपीचा, तीन सिलिंडरचा. सोयाबीन निघाल्यावर रोटाव्हेटर लावला. पहिला अर्धा तास मस्त चालायचा, मग दम टाकायला लागायचा. थ्रॉटल पूर्ण ओढला तरी आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वर येईना, आणि काळ्या मातीत तर जागेवर बसायचा. बंद करून चहा घेईपर्यंत थांबलं की पुन्हा अर्धा तास ठणठणीत. धूर काळा नाही, निळा नाही, पांढरा नाही.

जाणकारांना एवढ्यावरच कळलं असेल. मलाही आता कळतं. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर क्लीनर चोक झालाय किंवा नोझल फवारा सोडून धार मारतंय. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे टायमिंग बिघडलंय, डिझेल अर्धवट जळतंय किंवा त्यात पाणी आहे. आणि धूरही नाही, दमही नाही, तर इंजिनाला डिझेलच पुरत नाहीये. लायनर-पिस्टन झिजलेला ट्रॅक्टर चहा पिऊन ताजातवाना होत नाही. बरं, आम्ही हातावर हात ठेवून बसलो नव्हतो. गड्यानं डिझेल फिल्टर बदलला होता, लाइनमधली हवा काढली होती, एअर क्लीनरच्या वाटीतलं ऑइल बदललं होतं. घरच्या घरी करायचं ते सगळं झालं होतं. त्यानंतर मिस्त्री बोलावला तर त्यात माझं काय चुकलं?

आता तो प्रसंग. रात्री झोप लागत नाही ती यामुळेच.

मिस्त्री आला, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात स्वच्छ पंचा. म्हणाला, चालवून दाखवा. गड्यानं रोटाव्हेटर फिरवला, अर्ध्या तासानं ट्रॅक्टर बसायला लागला. मिस्त्रीनं इंजिन बंद करू दिलं नाही. पाना नाही, टेस्टर नाही, सरळ डिझेल टाकीच्या झाकणाशी गेला आणि झाकण फिरवलं. आत हवा ओढल्याचा 'सूंऽऽ' असा लांब आवाज आला. थोड्याच वेळात इंजिन आपोआप मोकळं झालं, आरपीएम चढला. मी बॉनेटपाशी उभा. त्यानं झाकण पुन्हा घट्ट लावलं, पंच्यानं पुसलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "बाबूजी, आवाज सुनी?"

"कौनसी?" मी म्हटलं.

"टॅपेट की."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हपाशी टकटकणारा भाग, त्याचा इथे काही संबंध नव्हता. त्याला झाकणाचा आवाज मला कळलाय का, एवढंच बघायचं होतं. मी 'कौनसी' म्हटलं त्या क्षणी 59,100 रुपये ठरले. बायको बांधावरून म्हणाली, "अहो, झाकण उघडल्यावर तो नीट चालला ना?" ट्रॅक्टर चालू होता, मला नीट ऐकू आलं नाही. ती म्हणते मी 'तू थांब जरा' म्हणालो. असेन म्हणालो. ट्रॅक्टरच्या घरघरीत माणूस तेच म्हणतो.

पुढचं नाटक तुम्ही पाहिलेलं असेल. चालू इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण उघडलं, थोडी वाफ आली. "देखो बाबूजी, कंप्रेशन खतम. इंजन की साँस निकल रही है." अहो, कुठल्याही चालत्या डिझेल इंजिनाच्या त्या तोंडातून थोडी वाफ येतेच. धाड धाड धक्के देत धुराचा लोट यायला लागला, डिपस्टिक उडायला लागली, ऑइल पातळी दर आठवड्याला खाली जायला लागली, तर चिंता करा. आमच्या ट्रॅक्टरचं ऑइल एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्यापर्यंत कधी वरून भरावं लागलेलं नाही. मग त्यानं डिपस्टिक ओढून पंच्यावर पुसली आणि तेलात चमचमणारी पूड दाखवली. लायनरचा कीस म्हणे. लायनर असतो बिडाचा, म्हणजे लोखंडाचाच प्रकार. ती पूड होती रुपेरी, दारं-खिडक्या रंगवायच्या चांदीच्या पेंटसारखी. साधं लोहचुंबक लावलं असतं तर पूड चिकटली नसती आणि पितळ उघडं पडलं असतं. पण शेतात लोहचुंबक घेऊन कोण उभा राहतो? तुम्ही राहा.

आणि एक तपासणी, पैसे न लागणारी. ओढताना आरपीएम खाली येतो की नाही, ते कानानं ऐका. इंजिन जोरात ओरडतंय आणि ट्रॅक्टर मात्र मंद, तर क्लच घसरतोय. चाकाच्या बाजूला ब्रेकपाशी हात भाजतोय तर ब्रेक चिकटलाय. या दोन्हींत इंजिनाला हात लावायचा नसतो.

पेरणी तोंडावर होती. ट्रॉलीत घालून ट्रॅक्टर नेला, आठवड्यानं परत दिला. मी जुने पार्ट मागितले तर पोत्यात तीन पिस्टन आणि गंजलेल्या रिंगा. कुणाचे, कुठले, देव जाणे. पुढे मोजले तर बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्याससुद्धा आमच्या इंजिनाचा नव्हता. जुना पार्ट मागून उपयोग नाही, समोर निघालेला पाहिजे. ट्रॅक्टर बाहेर पाठवण्याआधी पंपावर, हेडवर (इंजिनाच्या वरच्या झाकणावर), नोझलवर बायकोच्या नेलपेंटचा एकेक ठिपका द्या आणि मोबाइलवर फोटो काढा. पंपावर शिशाचं सील असतं, त्याचाही.

बिल म्हणून पिवळ्या कच्च्या कागदावर पेननं आकडे. जीएसटी बिल मागितलं तर "18 टका और लगेगा बाबूजी, आपका ही नुकसान". मला वाटलं, माणूस आपले पैसे वाचवतोय. यूपीआयवर नाव आलं एका बाईचं. "घरवाली है." बँकेत नोकरी केलेल्या माणसाला हे खटकायला हवं होतं असं मुलगा म्हणतो. बँकेत आम्ही खातेदाराच्या बायकोवर संशय घेत नव्हतो.

परत आलेला ट्रॅक्टर पहिल्या मिनिटापासून जड. आता काळा धूर, जो आधी कधीच नव्हता. आणि अर्ध्या तासानं पुन्हा तेच बसणं. फोन केला तर "रवाँ होने दो, नया इंजन है". मग फोन उचलेना. मग बंद.

शेजारच्या शेतातले पाटीदार दादा ट्रॅक्टरवरच म्हातारे झालेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डिझेल टाकीचं झाकण सैल केलं आणि गड्याला म्हणाले, चालव. बसला नाही. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असतं. डिझेल खाली जातं तेवढी हवा आत यायला लागते, नाहीतर टाकीत ओढ तयार होऊन डिझेल अडतं. झाकण उघडलं की ओढ सुटते, बंद करून उभा ठेवला तर हळूहळू हवा झिरपते, म्हणून तो चहानंतर चालायचा. दादांनी झाकण उलटं करून दाखवलं. त्या भोकावर मातीचं घर बांधणाऱ्या माशीनं चिखल लिंपला होता, वाळून दगड झालेला. बाभळीच्या काट्यानं निघाला. खर्च शून्य. दादा हसले नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

काळा धूर मात्र राहिलाच. इंदुरातल्या एका पंपवाल्याकडे पंप नेला. टेस्ट बेंचवर लावला आणि त्यानं मान हलवली. आतले एलिमेंट, म्हणजे डिझेल दाबून पुढे ढकलणारे भाग, वापरलेले, तीन सिलिंडरना डिझेल कमी-जास्त जातंय, सील तोडलेलं, गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनाचा वेग ताब्यात ठेवणाऱ्या भागाचा, स्क्रू वाढवून ठेवलेला. म्हणजे आमचे चांगले एलिमेंट काढून घेतले आणि कुणाचे तरी भंगारातले बसवले. आणि 27,600 रुपयांचं हाफ इंजिन? हेडच्या बोल्टांच्या कोपऱ्यांत कंपनीचा रंग तसाच आणि त्यावर वर्षांची धूळ. हेड उघडलंच नव्हतं! बोल्टाला पाना लागला की कोपऱ्यावरचा रंग उडतो, हे बघायला मिस्त्री व्हावं लागत नाही.

आता सरकार. ठाण्यात गेलो. "आवेदन देकर जाइए." एफआयआर म्हटलं तर "ये तो लेनदेन का मामला है, सिविल में जाइए". मी सांगितलं, पार्ट बदलून घेतले, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तर ठाण्यातले मुन्शी, म्हणजे कारकून, म्हणतात, आप वकील हो? पोच मागितली तर शिक्का मारणारा जेवायला गेलेला. दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्तात. नंतर तपास करणारे म्हणाले, तुम्हीच त्याला शोधून आणा, आम्ही समज देतो. मी शोधून आणायचा? मग पगार मला द्या! सरकारी हेल्पलाइनवर तक्रार टाकली तर तीन ओळींत उत्तर, 'आवेदक को समझाइश दी गई', आणि वर फोन, की आता तक्रार बंद करा म्हणजे आमचा आकडा सुधारेल. समजावून मला सांगितलं, त्याला नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं हात झटकले, बाहेरच्या माणसानं पंप उघडलाय. हे त्यांचं मात्र खरं आहे, सील तुटलं की वॉरंटीचं बोलूच नका.

एक कारकून म्हणाला, ट्रॅक्टर व्यावसायिक, तुम्ही ग्राहकच नाही. असं कुणी म्हटलं तर ऐकून परत येऊ नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः केलेलं काम 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक धरलेलं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत जायचं. कच्चा कागद, यूपीआयची नोंद, पंपवाल्याची पावती, फोटो, एवढं मी जमवलंय. पंपवाला लेखी द्यायला तयार नव्हता, सगळे एकमेकांचे ओळखीचे. 500 रुपये टेस्टिंगचे घेऊन पक्की पावती दिली, तिच्यावर मी हट्टानं 'एलिमेंट वापरलेले' एवढे दोन शब्द लिहून घेतले.

आता आयोगाच्या खिडकीवर विचारतात, समोरच्या पार्टीचा पूर्ण पत्ता द्या, नोटीस कुठे पाठवायची? माझ्याकडे बंद पडलेला मोबाइल नंबर आहे, मोटारसायकलच्या नंबर प्लेटचा गड्यानं सहज काढलेला अर्धा फोटो आहे, आणि एका बाईचं नाव आहे जिच्या खात्यात 20,000 गेले. बँकेला अर्ज दिलाय. ते म्हणतात, पोलिसांचं पत्र आणा.