टर्टलडव्हची ‘वर्ल्डवॉर’ मालिका: जुना संच घेण्याआधी

अमेरिकन लेखक हॅरी टर्टलडव्हची ही विज्ञानकादंबऱ्यांची मालिका: चार खंड ‘वर्ल्डवॉर’चे (1994 ते 1996), तीन ‘कोलोनायझेशन’चे (1999 ते 2001) आणि शेवटी ‘होमवर्ड बाउंड’. मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला हा संच शोधणार असाल, तर पहिल्या चारांची नावं लिहूनच न्या. ‘इन’, ‘टिल्टिंग’, ‘अपसेटिंग’, ‘स्ट्रायकिंग’ आणि प्रत्येकापुढे ‘द बॅलन्स’. गठ्ठ्यात एकच खंड दोनदा येतो आणि तिसरा गायब असतो, ते घरी आल्यावर कळतं.

कथा 1942 ची. ऐन महायुद्धात सरड्यांसारखे परग्रहवासी पृथ्वीवर उतरतात, स्वतःला ‘रेस’ म्हणवणारे. त्यांच्या यानाने टेहळणी केली होती बाराव्या शतकात, त्यामुळे घोड्यावरचे चिलखती शिपाई भेटतील अशी तयारी; समोर उभे रणगाडे. त्यात आलं हे त्यांच्यासाठी जबरदस्त व्यसन ठरतं. आपल्या चहात पडतं तेच आलं! लेखकाने ही एक गोष्ट धरून फौजेची शिस्त, चोरटा व्यापार आणि पुढे ‘रेस’च्या वसाहतीच्या ताफ्यातल्या माद्यांचं अवेळी माजावर येणं इथपर्यंत नेली आहे. कार्यकारणाची साखळी कुठे तुटत नाही.

सहजीवन मात्र खरं सुरू होतं पाचव्या खंडात, ‘सेकंड काँटॅक्ट’मध्ये, 1960 च्या दशकात. अमेरिकेत सॅम यीगरच्या घरी ‘रेस’ची दोन पिल्लं माणसांसारखी वाढतात, तिकडे कॅसक्विट ही माणसाची मुलगी ‘रेस’ने वाढवलेली. माणसांची तरुण पोरं डोकी भादरून अंगावर त्यांच्यासारखे रंगपट्टे काढतात. आक्रमकाची नक्कल त्याच्याच राज्यात फॅशन कशी होते, हे मुंबईकराला वेगळं समजावायला नको.

उणीव मोठी आहे. भारत ‘रेस’च्या ताब्यात जातो, पण त्याच्या वाट्याला पानं फारच थोडी. शिवाय पात्रं भरमसाट आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा. तिसरा-चौथा खंड भराभर चाळला तरी चालेल. पहिला नीट वाचा, पाचवा सोडू नका.

प्रत घेताना पुस्तक मधोमध हळूच उघडा. हे जाड पॉकेटबुक, साधारण सव्वाचार बाय सात इंचाचं. पाठीचा डिंक सुकला असेल तर कडकन आवाज येतो आणि मग पानांचे गठ्ठे सुटतात. शेवटची पानं मोजा. पिवळेपणा चालतो, कागदच तसा असतो. कुबट वास आणि काळे ठिपके असतील तर नको, पावसाळ्यात बुरशी शेजारच्या पुस्तकांवर जाते. घरी आणल्यावर भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. ‘होमवर्ड बाउंड’ सातही वाचून झाल्यावरच घ्या.