चार्जर हजार वॉटचा, पण सप्लायचं काय? आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या रविवारी रिमोटवरच्या विमानांचे चार बॅटरी पॅक पॅरलल बोर्डावर (एकाच चार्जरवर अनेक पॅक एकदम भरायची पट्टी) लावले, चार्जर सुरू केला आणि सप्लायच्या, म्हणजे मेनची वीज डीसी करून चार्जरला पुरवणाऱ्या खोक्याच्या, पंख्यांनी नेहमीप्रमाणे टाहो फोडला. अठराव्या मिनिटाला टाहो थांबला. स्क्रीनवर तोच इशारा, इनपुट व्होल्टेज कमी. चार महिने हा इशारा बघतोय. चार्जर एकदा सर्व्हिसला पाठवून झाला, त्यावरून कडाक्याचं भांडणही झालं. या खेपेला कारण सापडलं आणि ते इतकं लाजिरवाणं आहे की लिहून टाकलेलं बरं.

चार्जर हजार वॉटचा, डीसी इनपुटवाला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही (चार महिने होती, ते पुढे येईलच). घेताना सगळं लक्ष चार्जरवर होतं. सप्लाय काय, घरात एक पडलेला होता. एलईडी पट्ट्यांसाठी आणलेला, जाळीच्या पत्र्याचा, १२ व्होल्ट ३० अँपिअर. तोच लावला. १२ गुणिले ३० म्हणजे ३६० वॉट, त्यातले चार्जरच्या आत थोडे जाणार, पॅकपर्यंत सव्वातीनशेच्या आतच. हजार वॉटचा चार्जर तीनशे वॉटवर रांगत होता. मग वाटलं, मोठा १२ व्होल्टचा घेऊ. तेही फुकट गेलं असतं, कारण माझ्या चार्जरची इनपुट मर्यादा ४५ अँपिअर. १२ व्होल्टवर कितीही दांडगा सप्लाय लावा, ५४० वॉटच्या वर तो आत घेणारच नाही. खोक्यावरचे हजार वॉट हवे असतील तर २४ व्होल्टच लागतात. माहितीपुस्तिकेत याचा आलेख दिलेला आहे. तो मी चार्जर घेतल्यावर तीन आठवड्यांनी पाहिला.

२४ व्होल्टसाठी दोन वाटा होत्या. एक, कारखान्यांत पॅनेलमध्ये बसवतात तसला तयार २४ व्होल्टचा सप्लाय. हजार वॉटच्या वरचा घ्यायचा तर किंमत जवळजवळ चार्जरइतकी. दुसरी, सर्व्हरमधून काढलेले १२ व्होल्टचे दोन सप्लाय एकापुढे एक जोडायचे. मी कोणती वाट धरली असेल हे सांगायला नको. ७५० वॉटचे दोन जुने सप्लाय, लेबलवर १२ व्होल्ट ६२ अँपिअर, आणि मिळाले अक्षरशः भंगाराच्या भावात.

एका गोष्टीत मात्र काटकसर केली नाही. या सप्लायचं डीसी निगेटिव्ह आत पत्र्याच्या केसला जोडलेलं असतं आणि केस अर्थिंगला. दोन तसेच्या तसे सिरीजमध्ये जोडले तर वरच्या सप्लायचं निगेटिव्ह, जे आता १२ व्होल्टवर असायला हवं, ते अर्थिंगमधून खालच्याच्या निगेटिव्हला भिडतं. म्हणजे खालचा सप्लाय सरळ शॉर्ट. यावर काहीजण वरच्याच्या प्लगची अर्थची पिन कापून टाकतात. कृपा करून हे करू नका. सप्लायच्या आत बिघाड झाला तर पत्र्याच्या केसवर थेट मेनचा करंट येईल आणि तुमचा हात नेमका तिथेच असेल. नीट करायचं तर आतलं सर्किट केसपासून वेगळं करावं लागतं, म्हणजे स्क्रूंना नायलॉनचे वॉशर आणि खाली इन्सुलेशन. आतला मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टच्या आसपास भरलेला असतो आणि प्लग काढल्यावर लगेच रिकामा होईलच याचा भरवसा नाही. म्हणून हे काम मी रोज सप्लाय उघडणाऱ्या एका जाणकाराकडून करून घेतलं. घरी आणल्यावर मल्टीमीटरने दोनच गोष्टी पाहिल्या: वरच्याच्या केस आणि निगेटिव्हमध्ये बीप यायला नको, केस आणि प्लगच्या अर्थ पिनमध्ये यायलाच हवा. दोन्ही बरोबर.

आणि मग तो पंखा. ४० मिलिमीटरचा, काडेपेटीएवढा, पण सर्व्हर रूमसाठी बनवलेला. तिथे माणसं बसत नाहीत, त्यामुळे आवाजाची फिकीर कोणी केलेली नाही. रिकाम्या सप्लायला नुसती शीळ, पाचशे वॉटवर हेअर ड्रायर, आठशेच्या पुढे तर बोलणंच बंद. त्यात दोन पंखे किंचित वेगळ्या वेगाने फिरतात, म्हणून आवाज एकसारखा राहतही नाही, वर-खाली हेलकावे घेतो. मुलगी दारातून डोकावून म्हणाली, "बाबा, विमान आता घरातच उडवताय का?"

या पंख्याने माझं डोकं व्यापलं. व्होल्टेज स्थिर आहे, सप्लाय गरम होत नाही, सगळं मान्य, पण तो आवाज! एका पंख्याच्या वायरीत रेझिस्टर टाकून पाहिला. सप्लाय पंख्याचे फेरे मोजत असतो. फेरे कमी दिसताच तो सरळ बंद पडला आणि प्लग काढून पुन्हा लावेपर्यंत उठला नाही. फोमचा पट्टा खाली ठेवला, काही फरक नाही. कपाटात ठेवून दार लावायचा विचारही आला, पण पंख्याला तीच गरम हवा पुन्हा ओढायला लावायची म्हणजे आगीशी खेळ. शेवटी दोन्ही सप्लाय टेबलाखालून काढून खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जुन्या सोफ्यामागे नेले. घरात होती ती १४ गेजची सिलिकॉन वायर जोडून लांबवली, दीड मीटर जाणारी, दीड मीटर येणारी. आवाज निम्म्यावर आला. मी खूश.

त्यानंतर महिनाभरात चार्जर मध्येच थांबू लागला. आणि मी काय केलं? चार्जरवर संशय घेतला. सर्व्हिसवाल्यांनी तो त्यांच्या २४ व्होल्टच्या सप्लायवर पूर्ण लोडला चालवला आणि "दोष आढळला नाही" असा कागद लावून परत पाठवला. मी फोनवर आवाज चढवला, तुम्ही नीट तपासलंच नाही म्हणालो, कुरियरचा खर्च भरून मागितला. आता ते शब्द आठवले की कानशिलं तापतात. माणसांनी काम चोख केलं होतं. चाचणीच्या नोंदींचा लॉगसुद्धा पाठवला होता, मीच उघडला नव्हता.

रविवारी अखेर मल्टीमीटर घेऊन बसलो. सप्लायच्या टोकाला २४.४ व्होल्ट. चार्जर ४२ अँपिअर ओढत असताना त्याच्या इनपुटवर २२.८५. दीड व्होल्ट गेलं कुठे? १४ गेजची तीन मीटर तांब्याची वायर म्हणजे साधारण २५ मिलिओहमचा रोध. ४२ अँपिअरला एक व्होल्ट तिथेच गेलं आणि ४४ वॉट वायर तापवण्यात खर्ची पडले. उरलेलं अर्धं व्होल्ट पॉझिटिव्ह वायरीच्या टोकाला सोल्डर केलेल्या बुलेट प्लगमध्ये. अर्धं गुणिले ४२, म्हणजे २१ वॉट, एका करंगळीएवढ्या प्लगमध्ये. छोटं सोल्डरिंग आयर्न यापेक्षा फार जास्त घेत नाही. बोट लावलं आणि चटका बसला. जोडावरची श्रिंक स्लीव्ह (प्लॅस्टिकची नळी) तपकिरी पडून आक्रसलेली, आत सोल्डर वायरीच्या केसांत शिरलंच नव्हतं, वरवर गोळा होऊन बसलं होतं. जोड माझाच, घाईत मारलेला.

अठराव्या मिनिटाचं कोडंही तिथेच सुटलं. पॅक रिकामा असताना त्याचं व्होल्टेज कमी असतं, त्यामुळे चार्जरला इनपुटवर सुरुवातीला ३७ अँपिअर पुरतात. पॅक भरत जातो तसा चार्जिंगचा करंट तेवढाच राहतो पण वॉट वाढतात, आणि इनपुट ४२ वर जातं. तोवर वायर आणि प्लगही तापलेले. मी चार्जरमध्ये किमान इनपुट २३ व्होल्ट लावून ठेवलं होतं, म्हणजे त्याखाली गेलं की थांब, चार्जर बिचारा सांगितलेलंच करत होता. ही मर्यादा २१ वर आणून इशारा घालवता आला असता. मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण मग तो प्लग सोफ्यामागे तसाच भाजत राहिला असता.

आता १० गेजची वायर (गेजचा आकडा लहान तितकी वायर जाड), एका बाजूला चाळीस सेंटिमीटर, दोन्ही टोकांना क्रिम्प केलेले, म्हणजे दाबून बसवलेले, लग. ४२ अँपिअरला चार्जरच्या इनपुटवर २४.२ व्होल्ट. काल चार पॅक ३६ अँपिअरने न थांबता भरले. इनपुट करंटची मर्यादा चार्जरमध्ये ४३ वर लावली आहे. आणि हो, चार्जरमधला रिजनरेटिव्ह डिस्चार्ज, म्हणजे पॅकमधली वीज इनपुटकडे परत ढकलण्याची सोय, असल्या सप्लायवर बंदच ठेवा. ती इनपुटला सप्लायऐवजी लेड ॲसिड बॅटरी असेल तेव्हासाठी आहे. सप्लाय वीज देऊ शकतो, परत गिळू शकत नाही, व्होल्टेज नुसतं चढत जातं.

मग पुन्हा घ्यायची वेळ आली तर काय घेईन? सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर हेच दोन सर्व्हर सप्लाय, डोळे मिटून. आज सांगतो, ज्याला सप्लाय उघडणारा खात्रीचा माणूस मिळत नाही त्याने एकसंध २४ व्होल्टचाच घ्यावा, पैसे जाऊ द्यात. माझे आता बदलत नाही. आठ महिने चाललेत आणि त्यांच्या बाजूने आजवर एकही चूक झालेली नाही.

वायर आखूड झाली म्हणजे सप्लाय परत टेबलावर आले, हे ओघानेच आलं. कानाला लावायचे ते फॅक्टरीतले मफ आणलेत. डावीकडच्या पंख्यातून कालपासून एक नवीन खरखर येतेय, बेअरिंगची असावी. त्याच मापाचा पंखा शोधतोय, पण याचा कनेक्टर सहा पिनांचा आहे आणि मिळतात ते सगळे चार पिनांचे.