जखमी कुत्रा घरी कसा जातो? इडिटारोड, फिनमार्क्सलोपेट आणि हस्की सफारी

ध्रुवीय प्रकाश पाहायला नॉर्वेतल्या ट्रॉम्सो किंवा फिनलंडमधल्या रोवानिएमीला निघालेल्या मराठी पर्यटकांच्या यादीत आता हस्की सफारी, म्हणजे कुत्र्यांनी ओढलेल्या बर्फगाडीतून (स्लेजमधून) फेरफटका, हमखास असते. काहींना त्यापुढे जाऊन मार्चमधली या गाड्यांची खरीखुरी लांब पल्ल्याची शर्यत पाहायची असते. काही जण अलास्कातल्या एखाद्या संघाला घरबसल्या देणगी देतात. पैसे देण्याआधी सगळ्यांच्या मनात एकच शंका येते : यात कुत्र्यांचे हाल होतात का?

धावणारा कुत्रा सगळीकडे देखणाच दिसतो, त्यामुळे त्याच्याकडे पाहून काही ठरत नाही. लंगडायला लागलेल्या कुत्र्याचं पुढच्या चोवीस तासांत काय होतं आणि पुढच्या पाच वर्षांत काय होतं, हे पाहावं. अलास्कातली इडिटारोड शर्यत, नॉर्वेतली फिनमार्क्सलोपेट शर्यत आणि हस्की सफारी, हे तिन्ही पर्याय आम्ही त्याच कसोटीवर लावले आहेत.

आधी दुखापतींविषयी

लांब शर्यतीतल्या बहुतेक दुखापती अगदी साध्या असतात. पुढच्या पायाचं मनगट सुजतं, खांद्याचा स्नायू धरतो, बोटांमधलं कातडं फाटतं, जुलाब लागतात. भुसभुशीत खोल बर्फात पाय रुततो आणि मनगटावर ताण येतो. उतारावर गाडी मागून ढकलते, तेव्हा खांदे भरून येतात. कुत्र्याच्या पंजाला घातलेल्या पायमोज्याला भोक पडलं की आत बर्फ शिरून त्याची गोटी होते आणि ती बोटांमधलं कातडं कापते. फाटका मोजा अनवाणी पायापेक्षा वाईट, असं मशर, म्हणजे हे कुत्रे हाकणारे गाडीवान, मानतात ते यामुळेच. विश्रांतीला थांबल्यावर मोजे काढायचेच असतात, नाहीतर पट्ट्याने रक्त अडून पंजा सुजतो.

खरी जीवघेणी दुखणी आत असतात. सलग दिवसचे दिवस धावल्याने जठरात व्रण होतात, म्हणून आम्ल कमी करणारं औषध देण्याची पद्धत आता रूढ आहे. उलटी श्वासनलिकेत गेली तर न्यूमोनिया होतो. शर्यतीतल्या मृत्यूंच्या कारणांत हा न्यूमोनिया पुन्हा पुन्हा दिसतो. वेदनाशामक गोळ्यांवर बंदी आहे. गोळीने लंगडणं झाकलं जातं आणि कुत्रा दुखऱ्या पायावर धावत राहतो, शिवाय त्याच गोळ्या जठराचे व्रण वाढवतात.

चेकपॉइंटवरचा, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावरचा, पशुवैद्यक ठरलेल्या गोष्टी बघतो : हृदयाचे ठोके, शरीरातलं पाणी, भूक, उत्साह, वजन, फुप्फुसं. हिरडी बोटाने दाबून सोडली की साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मानेवरची कातडी उचलून सोडली की लगेच खाली बसायला हवी. मनगट वाकवताना कुत्र्याने पाय ओढून घेता कामा नये. दिवसाला दहा हजार कॅलरीच्या घरात खाणारा प्राणी समोर ठेवलेल्या मांसाच्या सूपकडे पाठ फिरवतो, तेव्हा जाणकाराला बाकी काही तपासायच्या आधीच काळजी वाटते.

इडिटारोड : नियम कडक, वाट लांब

१९७३ साली सुरू झालेली ही शर्यत अँकरेजहून नोमपर्यंत, साधारण १,६०० किलोमीटर. अँकरेजच्या रस्त्यांवर दिसतो तो नुसता समारंभ. घड्याळ सुरू होतं दुसऱ्या दिवशी विलोला, आणि बर्फ कमी असेल तर फेअरबँक्सला. सुरुवातीला जास्तीत जास्त १६ कुत्रे (मधली काही वर्षं ही मर्यादा १४ होती) आणि शेवटी किमान ५. म्हणजे ११ कुत्रे वाटेत थांबवूनही शर्यत पुरी करता येते. थांबवलेल्या कुत्र्याच्या जागी दुसरा घेता येत नाही. एक सक्तीचा २४ तासांचा मुक्काम आणि दोन आठ-आठ तासांचे. शर्यतीआधी प्रत्येक कुत्र्याचा ईसीजी आणि रक्ततपासणी होते.

कागदावर हे सगळं चांगलं आहे. अडचण भूगोलाची आहे. विलो सोडल्यावर नोमपर्यंतच्या चेकपॉइंटना मोटाररस्त्याने पोहोचता येत नाही. खांदा धरलेला कुत्रा पुढच्या चेकपॉइंटपर्यंत स्लेजवर, पिशवीत बसून जातो, म्हणजे वीस-पंचवीस किलोचं जास्तीचं ओझं. मशरचा कस इथे लागतो. काही जण कुत्र्याला लगेच उचलून आत घेतात. काही जण त्याची ओढदोरी सोडून त्याला रिकामा पळवत नेतात, म्हणजे वेळ वाचतो. चेकपॉइंटवर तो पेंढ्यावर बांधला जातो आणि स्वयंसेवक वैमानिकांच्या छोट्या विमानाची वाट पाहतो. हवा बिघडली की विमान नाही.

२०१३ साली वाटेतल्या उनालाक्लीटच्या चेकपॉइंटला नेमकं हेच झालं. डोराडो नावाचा कुत्रा शर्यतीतून बाजूला काढलेला होता. विमानाची वाट पाहत बाहेर बांधलेला असताना वादळात बर्फाखाली गाडला जाऊन गुदमरून मेला. धावताना मेलेल्या कुत्र्यांपेक्षा हा मृत्यू आम्हाला जास्त सांगून जातो, कारण त्याच्याकडून आता कुणाला काही मिळवायचं उरलं नव्हतं. त्यानंतर उनालाक्लीट आणि मॅकग्राला अशा कुत्र्यांसाठी निवारे उभारले गेले आणि उड्डाणं वाढवण्यात आली. सुधारणा झाली, पण मृत्यू झाल्यावर.

उलट बाजूही सांगायला हवी. २०२४ मध्ये डॅलस सीव्ही या मशरच्या संघावर मूस (घोड्याएवढं थोराड सांबर म्हणा) चालून आलं. त्यांनी ते गोळी घालून मारलं. फालू नावाची कुत्री गंभीर जखमी झाली. तिला पुढच्या चेकपॉइंटवरून विमानाने अँकरेजला नेलं, शस्त्रक्रिया झाली आणि ती वाचली. सीव्ही यांना दोन तासांचा दंड झाला तो मात्र कुत्रीमुळे नाही, तर मारलेलं मूस नियमाप्रमाणे नीट साफ केलं नाही म्हणून. मांस वाया जाऊ नये असा तो नियम आहे. तरीही ते सहाव्यांदा जिंकले. त्याच वर्षी इतर संघांतले तीन कुत्रे मेले. कुत्रा मेला तर शवविच्छेदन होतं, आणि टाळता न येणारा अपघात नसेल तर मशरला शर्यत सोडावी लागते.

उत्तम निगा राखणाऱ्या मशरला लेओनहार्ड सेप्पाला यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. १९२५ मध्ये घटसर्पावरचं प्रतिविष (सीरम) कुत्र्यांच्या गाड्यांनी नोमला पोचवणाऱ्यांपैकी ते एक. तो मान कुणाला द्यायचा यात पशुवैद्यकांचं मत चालतं. देणगी द्यायचीच असेल तर आधी हा पुरस्कार मिळवलेल्यांची यादी चाळावी, विजेत्यांची नंतर.

फिनमार्क्सलोपेट : रस्ता जवळ, माणूस जवळ

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्क भागातल्या आल्टा गावातून ही युरोपातली सर्वांत लांब शर्यत निघते. पहिली १९८१ साली झाली. मोठा पल्ला साधारण १,२०० किलोमीटरचा, जास्तीत जास्त १४ कुत्र्यांचा. छोटा ६०० चा, आठ कुत्र्यांचा. थंडी, वारा, उघडं पठार यांत ती इडिटारोडपेक्षा हलकी नाही. थोमास वार्नर यांनी २०१९ मध्ये ही आणि २०२० मध्ये इडिटारोड जिंकली, त्यावरून दर्जाचा अंदाज यावा.

फरक एका गोष्टीत आहे आणि जखमी कुत्र्यासाठी तोच सगळ्यांत मोठा. इथल्या बहुतेक चेकपॉइंटना गाडीरस्ता आहे. प्रत्येक संघाचे मदतनीस कुत्र्यांच्या खोक्यांची गाडी घेऊन मागोमाग येतात. पशुवैद्यकाने किंवा मशरने कुत्रा थांबवला की तो रोजच्या ओळखीच्या माणसाच्या हातात जातो, गाडीत पेंढ्यावर झोपतो, आणि गरज पडली तर रस्त्याने दवाखाना गाठता येतो. विमान नाही, अनोळखी हात नाहीत, वादळात बाहेर ताटकळणं नाही.

याचा एक आडवा फायदाही होतो. कुत्रा थांबवणं सोपं असलं की मशर तो लवकर थांबवतो. अलास्कात 'पुढच्या गावापर्यंत बघू' हा विचार मनात येतो. फिनमार्कमध्ये त्याला कारण कमी उरतं. चेकपॉइंटच्या आधीचे मोकळ्या पठारावरचे तास तेवढे दोन्हीकडे सारखेच कठीण.

प्रेक्षक म्हणूनही ही शर्यत सोयीची. ऑस्लोहून विमानाने आल्टा, मग भाड्याची गाडी घेऊन काराशोक किंवा शिर्केनेसपर्यंत संघांमागे जाता येतं आणि तपासणी डोळ्यांनी पाहता येते. अलास्कात सामान्य प्रेक्षकाला अँकरेजचा समारंभ, विलोचं प्रस्थान आणि पुन्हा विमान पकडलं तर नोमचा शेवट. मधलं सगळं पडद्यावर.

कायदा काय म्हणतो

नॉर्वेच्या प्राणीकल्याण कायद्याचं तिसरं कलम सांगतं की प्राण्याला स्वतःचं मूल्य आहे, माणसाला त्याचा उपयोग असो वा नसो. चौथं कलम त्याहून व्यवहारी : उघड जखमी किंवा असहाय प्राणी दिसला तर शक्य तेवढी मदत करणं प्रत्येकावर बंधनकारक. पर्यटकावरसुद्धा.

अलास्काच्या क्रूरताविरोधी कायद्यात मात्र सर्वमान्य स्लेज-शर्यती आणि त्यातल्या रूढ पद्धतींना सूट आहे. 'रूढ' काय, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनीच घडवलेलं असतं. बैलगाडा शर्यतीसाठी महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात केलेली दुरुस्ती आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला दिलेली मान्यता आठवणाऱ्यांना ही वाट ओळखीची वाटेल. सूट दिली म्हणून क्रूरता होतेच असं नाही, पण पहारा कायद्याकडून शर्यतीच्या आयोजकांकडे सरकतो.

सफारी : सौम्य, पण आपोआप नाही

'शर्यत नको बुवा, आम्ही नुसती तासाभराची चक्कर मारू' असं म्हणणाऱ्यांना वाटतं की आपण कुत्र्यांना कमी त्रास देतो. रोजच्या श्रमापुरतं ते खरं आहे. पण शर्यतीत निदान पशुवैद्यक, नोंदवही आणि कॅमेरे असतात. सफारीच्या तळावर दुखऱ्या कुत्र्याचा हिशेब फक्त मालक ठेवतो. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१० मध्ये ऑलिंपिकनंतर गिऱ्हाईक घटलं, तेव्हा एका सफारी व्यवसायाचे कित्येक कुत्रे मारून पुरले गेले. पुढे पन्नासहून अधिक मृतदेह उकरून काढले, आणि त्या प्रांताने स्लेज-कुत्र्यांच्या निगेसाठी वेगळे नियम केले. ते कुत्रे शर्यतीचे नव्हते, आणि बहुतेक धडधाकट होते.

आरक्षणाआधी तळाला ईमेल करून एवढं विचारावं : कुत्रे किती आणि उन्हाळ्यात ते काय करतात? किती वर्षांचे झाले की निवृत्त होतात आणि मग कुठे राहतात? आज किती कुत्रे विश्रांतीवर आहेत? शेवटचा प्रश्न सर्वांत कामाचा. शंभर कुत्र्यांच्या तळावर 'एकही नाही, सगळे ठणठणीत' असं उत्तर आलं तर सावध व्हा. एवढ्या संख्येत कुणाचं ना कुणाचं मनगट सुजलेलं असतंच. 'सहा आहेत, दोघांचे पंजे, एकीची पिल्लं लहान' असं उत्तर देणारा माणूस रोज कुत्र्यांना हात लावून पाहतो.

स्वतः गाडी हाकणार असाल तर तुमच्या हातून होणारी दुखापत ठरलेली आहे. उतारावर पर्यटक फोटोच्या नादात ब्रेकवरचा पाय काढतो, गाडी पुढे सरकते आणि तिला अगदी लागून धावणाऱ्या शेवटच्या जोडीच्या मागच्या पायांवर आदळते. उतार दिसला की पाय ब्रेकच्या पट्टीवर, वेग वाढायच्या आत. मधल्या दोऱ्या ताठ राहिल्या पाहिजेत, हे मोजमाप. दोरी पायात अडकलेली दिसली तर दोन्ही पाय ब्रेकवर दाबून थांबा, एक हात वर करा आणि वाटाड्याला येऊ द्या. खाली उतरून स्वतः सोडवायला गेलात तर संघ गाडीसकट निघून जातो. काही झालं तरी दुसऱ्या हाताने धरलेला गाडीचा दांडा सोडायचा नाही.

कुणी काय निवडावं

शर्यत प्रत्यक्ष पाहायची असेल तर आमचा कौल फिनमार्कला, आणि तोही सहाशेच्या पल्ल्याला. आठ कुत्र्यांच्या संघात प्रत्येकाकडे लक्ष राहतं. इडिटारोडचं आकर्षण इतिहासाचं आहे आणि ते खोटं नाही. पैसे संघाला द्यायचे असतील तर म्हाताऱ्या आणि लंगड्या कुत्र्यांची नावं-फोटो स्वतःहून दाखवणारा संघ शोधावा. प्राण्याला कामाला जुंपणंच पटत नसेल तर तिन्ही सोडा आणि निवृत्त कुत्र्यांना घर मिळवून देणाऱ्या स्थानिक संस्थेला मदत करा. सफारीच निवडलीत तर तळावर दहा मिनिटं लवकर पोहोचा. दोरीला जुंपण्याआधी कुत्रे फिरताना पाहा : पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना कुत्रा डोकं वर झटकतो, चांगला पाय टेकताना खाली आणतो. तसं डोकं हलताना दिसलं तर वाटाड्याला बोट दाखवून सांगा. तो वाकून पाय तपासतो की 'काही नाही, सवय आहे त्याला' म्हणून हसतो, ते बघा, आणि मग गाडीत बसायचं की नाही ते ठरवा.