अक्रातले 'ऐंशी वर्षं जुने' मुखवटे आणि आमचे ११,४५० सेदी

लाजेपायी सात महिने गप्प बसले. पण घानाच्या राजधानीत, अक्रात, ज्या दुकानदारानं मला गंडवलं त्याच्याकडच्याच मुखवट्याचा फोटो परवा ओळखीतल्या एका मुलीनं पाठवून "घेऊ का गं ताई?" असं विचारलं आणि माझं डोकंच फिरलं.

ठाण्याच्या नव्या घरात सोफ्यामागची भिंत मोकळी आहे. नवऱ्याची घानातली नोकरी संपायच्या आत तिथे लावायला तीन लाकडी मुखवटे घ्यायचे, एवढंच ठरलं होतं. शोभेची वस्तू हवी होती, जुनी-दुर्मीळ वगैरे नव्हे. ते खूळ त्या दुकानदारानं डोक्यात भरवलं. २०२२ मध्ये फ्रान्समधल्या मोंपेलिएच्या लिलावात गाबोनच्या फांग लोकांचा एक मुखवटा ४२ लाख युरोंना गेला, ती बातमी त्यानं मोबाइलवर दाखवली. बातमी खरी आहे, म्हणून तर मी अडकले.

त्यानं तिन्हींचे १४,००० सेदी (घानाचं चलन) सांगितले, मी ९,६०० वर आणले. घासाघीस मला चांगली येते, तोवर कुणी मला असं गंडवलेलं नव्हतं. दोन लहान मुखवटे हातात मिळाले. तिसऱ्या, मोठ्या मुखवट्याचा परवाना काढून तो कुरिअरनं ठाण्याला पाठवतो म्हणाला आणि त्याचे १,८५० वेगळे घेतले. सगळे मोबाइल मनीनं, म्हणजे फोन नंबरवर पैसे पाठवायच्या सोयीनं. आपले जवळपास ८० हजार रुपये.

नवरा म्हणाला होता, "उलटून तर बघ." मी उलटला! आतून लाकूड पांढरंफटक, तासणीचे खरखरीत घाव तसेच्या तसे. नाचात वर्षानुवर्षं घातलेला मुखवटा आतून कपाळाशी, नाकाशी घासून गुळगुळीत होतो, घामानं काळपट पडतो. कडेला कापड किंवा गवत बांधायची भोकं असतात. इथे एकही नव्हतं. रुमालाला काळा डाग लागला, बूट पॉलिशचा वास आला. हे सगळं मला त्या क्षणी दिसत होतं, आणि तरी मी मुखवटा सरळ करून पिशवीत ठेवला. का? तो माणूस इतका शांत, इतका अदबीनं बोलत होता की संशय घ्यायचीच लाज वाटली. शिवाय तो म्हणाला होता, हा घानातल्या असांते राजांच्या वाड्यातला. असांते लोकांची ख्याती लाकडी स्टुलांची, अकुआबा नावाच्या लाकडी बाहुल्यांची. नाचाच्या मुखवट्यांसाठी नावाजलेले ते शेजारच्या आयव्हरी कोस्टचे बाउले आणि दान लोक. पण हे मला नंतर कळलं.

पुढच्याच रविवारी अक्राजवळच्या आबुरी गावी गेलो. तिथल्या कारागिरांच्या ओळीत तोच चेहरा, एकाशेजारी एक अकरा! एक पोरगा ब्रशनं पॉलिश घासत होता. किंमत ३५० सेदी. त्या कारागिरांचा काही दोष नाही, ते नवीन माल नवीन म्हणूनच विकतात. भिंतीसाठी हवे असतील तर सरळ तिथूनच घ्या.

मोठा मुखवटा आलाच नाही. फोन बंद. पोलीस चौकीत पहिल्या दिवशी साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशी सांगितलं, दुकान आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या चौकीत म्हणे, तुम्ही स्वखुशीनं घेतलंत, हा दिवाणी मामला. मोबाइल मनीवाल्यांना पोलिसांचं पत्र हवं, पोलिसांना मोबाइल मनीवाल्यांचं! चार खेपा झाल्या, टॅक्सीलाच ६४० सेदी गेले. इकडे ठाणे शहरात दिरांनी पोलिसांकडे चौकशी केली तर उत्तर मिळालं, व्यवहार परदेशात झाला, आम्ही काय करणार? मग करणार तरी कोण? पैसे ज्या नंबरवर गेले तो नंबर आहे, त्यावरचं नाव आहे, पावतीचा फोटो आहे. यापेक्षा जास्त पुरावा कुठून आणायचा?

वस्तू हातात आल्याशिवाय कुरिअरचा एक पैसाही देऊ नका. जुनेपणाचा दाखला कुणीही छापतो, माझ्याकडे दोन आहेत. आणि मुखवट्याखाली पिठासारखा भुसा सांडत असेल तर आत किडा जिवंत आहे, घरातल्या फर्निचरजवळ तो मुखवटा नेऊ नका.

त्या मुलीला मी लगेच फोन केला. तिनं आदल्याच संध्याकाळी २,००० सेदी आगाऊ पाठवले होते.